फाल्गुन-चैत्रातला घोळाणा : कच्च्या पाल्यात कुठली फळं घालायची आणि कशी?

कोवळी_मेथी (मूळ जळगाव, सध्या पुणे)

नमस्कार मंडळी,

मार्चचा पहिला पंधरवडा मला मंडईसाठी वर्षातला सगळ्यात आवडता. थंडीतली मेथी, कांद्याची पात, कोवळा मुळा अजून मिळतोय, उन्हाने जून झालेला नाही. दुसरीकडे द्राक्षं ऐन भरात आहेत, स्ट्रॉबेरी संपत आलीय, खरबूज सुरू झालंय आणि कैऱ्या दिसायला लागल्यात. एप्रिल लागला की मेथी राठ आणि कडू होते, पातीला दांडे सुटतात. म्हणजे चांगला पाला आणि चांगली फळं एकाच पिशवीतून घरी येण्याचे दिवस थोडेच. ते वाया जाऊ नयेत म्हणून हा धागा.

वसंतातलं ताजं सॅलड म्हणून ज्या पाककृती सापडतात त्यात बाटलीतलं ड्रेसिंग, महागडी परदेशी पानं आणि वर चीज असतं. मला त्यातलं काही वाईट म्हणायचं नाही. पण कच्चा पाला कसा खावा याची एक पूर्ण पद्धत आपल्याकडे आधीच आहे आणि ती फळांना फार चांगली सामावून घेते, एवढं मी ठामपणे सांगेन.

ज्यांच्याकडे घोळाणा होत नाही त्यांच्यासाठी: कोवळी मेथी किंवा कांद्याची पात कच्चीच घ्यायची, त्यात दाण्याचं कूट, हिरवी मिरची, मीठ आणि कच्चं शेंगदाण्याचं तेल कालवायचं. कोणी टोमॅटो घालतं, कोणी लिंबू पिळतं. बाजरीच्या किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचं. फोडणी नाही, शिजवणं नाही.

आता त्यात फळ कुठे बसतं? माझ्या मते लिंबू आणि चिमूटभर साखर जिथे घालतो, नेमकं तिथे. आंबट-गोडाचं काम फळाने करायचं. तसं मानलं की प्रमाण आपोआप ठरतं: पाला मुख्य, फळ त्याच्या फार तर तिसरा हिस्सा. फळ जास्त झालं की भाकरीबरोबर जात नाही आणि मेथीची चवही हरवते.

माझं प्रमाण, चार जणांना ताटात डावीकडे वाढण्यापुरतं: मेथीची एक कोवळी जुडी (नुसती पानं, दाबून दोन वाट्या), चार-पाच कांद्याच्या पाती, वाटीभरापेक्षा थोडी कमी काळी द्राक्षं, दोन मोठे चमचे भाजलेल्या दाण्यांचं जाडसर कूट, एक मोठा चमचा घाण्याचं शेंगदाणा तेल, एक हिरवी मिरची, मीठ.

मेथी खुडायची, चिरायची नाही. सुरी फिरली की कडू रस सुटतो. धुऊन झाल्यावर दहा मिनिटं गार पाण्यात बुडवून ठेवायची, मलूल पानंसुद्धा पाणी पिऊन ताठ होतात. मग सुती पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी करायची. ही पायरी वगळू नका. ओल्या पानाला कूट चिकटत नाही, ते खाली बसतं आणि चिखल होतो. मिरची आणि मीठ खलबत्त्यात ठेचायचं, ते कुटात मिसळायचं आणि तेलही कुटातच घालायचं, पाल्यावर ओतायचं नाही. पानांवर मेणासारखा पातळ थर असतो. तो पाणी झटकतो, पण तेल त्यातून आत मुरतं आणि पान लगेच मऊ पडतं. कुटाने तेल धरून ठेवलं तर पान जास्त वेळ करकरीत राहतं. द्राक्षं उभी अर्धी करायची, म्हणजे सुटणारा रसही कूटच पिऊन घेतं. हे सगळं ताटं वाढायच्या वेळी हाताने कालवायचं.

तुमच्याकडे कुठला पाला, कुठलं फळ, हे वाचायला फार आवडेल.

---

भाकरी_ठेचा (सोलापूर)

धागा चांगला आहे, पण माझं मत वेगळं. घोळाण्यात फळ नको. आमच्याकडे करडईच्या कोवळ्या पानांचा करतात. पानं काटेरी व्हायच्या आधीची, थंडीतलीच. त्यात कूट, लसूण, तेल, मीठ. ती थोडी उग्र चवच त्याची ओळख आहे. गोड फळ आलं की ती पुसली जाते. फळ जेवणानंतर वेगळं खावं.

---

कोवळी_मेथी

भाकरी_ठेचा, करडईच्या बाबतीत तुमचं पूर्ण मान्य, त्यात मीही फळ घालणार नाही. लसूण आणि गोड फळ एका वाडग्यात मला स्वतःलाही आवडत नाही, म्हणून वरच्या प्रमाणात लसूण नाहीच. पण आंबट फळाला तुमची हरकत असेल का? कांद्याच्या पातीत कैरीचा कीस घालून बघा. पाडव्याला आपण कडुलिंबाची कोवळी पानं चिंच-गुळाबरोबर वाटून खातोच. कडू पाला आणि आंबट-गोड एकत्र खाण्याची जिभेला सवय आहे.

---

भाकरी_ठेचा

कैरी चालेल. कैरी मी फळात धरत नाही. द्राक्षाबद्दल मत कायम.

---

द्राक्षबाग (निफाड)

मी बागायतदार, म्हणून द्राक्षांविषयी थोडं सविस्तर लिहितो. कच्ची आणि सालासकट खायची वस्तू आहे, तेव्हा नीट निवडायला हवी.

आधी ताजेपणा. मण्यांपेक्षा घडाची काडी बघा. हिरवी आणि लवचिक असेल तर माल ताजा. तपकिरी होऊन कडकडीत वाळली असेल तर शीतगृहात बरेच दिवस राहिलेला किंवा गाडीवर सुकलेला. घड हलक्या हाताने झटकला आणि मणी गळाले, तर घोळाण्यासाठी घेऊ नका, कापताना लगदा होईल. दुसरं म्हणजे द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंब्यासारखं घरी ठेवून गोड होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, विकत घेतानाच एक मणी खाऊन बघा. शक्यतो घडाच्या खालच्या टोकाचा. तिथले मणी सगळ्यात शेवटी गोड होतात, तो गोड लागला तर अख्खा घड गोड.

मण्यांवरची पांढुरकी झाक म्हणजे औषध, असा सर्रास समज आहे. ती झाक फळाचं स्वतःचं मेण असतं आणि ती शाबूत असणं हे कमी हाताळलेल्या मालाचं लक्षण आहे. बोटाने पुसली की खालची साल चकचकीत दिसते. औषधाचे डाग वेगळे ओळखू येतात, ठिपक्यांसारखे किंवा ओघळल्यासारखे, मण्याच्या बुडाशी साचलेले.

औषधांबद्दल कोणीतरी विचारेलच. फवारणी होते, हे मी लपवणार नाही. भुरी आणि डाऊनी या रोगांपासून बाग वाचवायला ती लागते. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत हे प्रत्येक औषधाचं ठरलेलं असतं आणि जो ते पाळतो त्याचा माल सुरक्षित असतो. २०१० साली युरोपला गेलेल्या आपल्या मालात सीसीसी या वाढरोधकाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. आमच्या भागाला त्याचा मोठा फटका बसला. निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि प्रयोगशाळेत तपासणी त्याआधीपासून होती, पण त्या वर्षानंतर सगळेच जास्त काटेकोर झाले. देशातल्या बाजारात जाणाऱ्या मालालाही तेवढीच तपासणी हवी असं माझं मत आहे, आणि ते मी बागायतदारांच्या बैठकीतही मांडतो.

घरी करायचं ते एवढंच: मणी काडीपासून कात्रीने सोडवा, ओढून काढू नका. ओढले की देठाजवळ साल फाटते आणि धुण्याचं पाणी आत जातं. वाहत्या पाण्यात हाताने चोळून धुवा आणि मगच कापा. पेटीतून घेतली असतील तर आतला गंधकाचा कागद, म्हणजे ग्रेप गार्ड, आधी काढून टाका.

वाणाचं म्हणाल तर मेथीबरोबर काळी शरद सीडलेस उत्तम, साल जरा तुरट असते आणि मेथीला टिकून राहते. कांद्याच्या पातीबरोबर लांब मण्यांची सोनाका घ्या, ती कुरकुरीत लागते. दोन्ही वाण सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडून पुढे आणलेले, त्यामुळे भाकरी_ठेचा यांना त्यांच्या जिल्ह्याच्या अभिमानाखातर तरी एकदा करून बघायला हरकत नसावी.

---

शेपूप्रेमी

द्राक्षबाग दादा, फार उपयोगी प्रतिसाद. घडाचं खालचं टोक चाखायचं हे माहीत नव्हतं.

माझा प्रश्न: या मिश्रणात दही चालेल का? अननस, किवी किंवा पपई दह्यात घालून ठेवली की तासाभराने कडवट चव येते, ती कशामुळे?

---

रसायनवाला (ठाणे)

शेपूप्रेमी, तुम्ही लिहिलेल्या तिन्ही फळांत प्रथिनं तोडणारी पाचकद्रव्यं असतात. अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन. ती दह्यातल्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात. वेळ जितका जास्त तितका कडवटपणा जास्त. डब्यातल्या अननसाने असं होत नाही, कारण तो डबाबंद करताना तापवलेला असतो. दही हवंच असेल तर द्राक्षं, डाळिंब, सफरचंद घ्या, किंवा अननस दोन मिनिटं तव्यावर परतून गार करून घाला.

आणखी एक. आंबट रस बराच वेळ लागून राहिला की पानांचा हिरवा रंग मळकट होतो, कारण आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. कैरी किंवा लिंबू असेल तर अगदी वाढताना कालवायचं, त्यामागचं हेही एक कारण.

---

मृग_बहार (नागपूर)

विदर्भातून हजेरी. आमच्याकडे या दिवसांत संत्र्याच्या मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फळं येतात. अंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे निघतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि माझ्या तोंडाला मृगाचंच फळ जास्त गोड लागतं. पाल्यात घालायला हेच उत्तम.

मी पाथरीबरोबर करते. पाथरी म्हणजे शेताच्या बांधावर, गव्हा-हरभऱ्यात आपोआप उगवणारी भाजी. पानं जमिनीलगत पसरलेली, कडेने कातरल्यासारखी, तोडली की पांढरा चीक येतो. शेतात काम करताना बायका ती तशीच मीठ लावून भाकरीबरोबर खातात. कडसर असते, म्हणून संत्र्याशी तिचं अगदी जमतं. पाथरी न मिळाल्यास मेथी.

संत्र्याच्या फोडीची वरची पातळ साल आणि बिया काढायच्या, ते नाही केलं तर चावताना चोथा होतो. गर हाताने मोकळा करून पाल्यावर टाकायचा. कूट मात्र दाण्याचं नाही, जवसाचं. जवस तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचं, गार झालं की कुटायचं, मीठ आणि किंचित लाल तिखट. अख्खं जवस घालू नका, ते चावलं जात नाही आणि तसंच पोटातून निघून जातं. तेलही जवसाचं ताजं मिळालं तर थोडं घालते, पण ते लवकर खवट होतं, म्हणून लहान बाटली आणून फ्रिजमध्ये ठेवते.

---

कोवळी_मेथी

मृग_बहार ताई, जवस आणि संत्रं हे मी या रविवारी करणारच. आमच्याकडे जवसाऐवजी कारळाचं कूट असतं, तेही चालेल ना?

---

मृग_बहार

हो, धावेल. फक्त कारळ स्वतःच कडसर, पाथरी कडू, दोन्ही एकत्र नको. कारळ असेल तर खाली कोवळा पालक किंवा कांद्याची पात घ्या.

---

डॉ_निंबोणी

धागा वाचून आनंद झाला. कच्चा पाला थोड्या तेलाबरोबर खाणं आरोग्याच्या दृष्टीने योग्यच, कारण कॅरोटीन आणि के जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलं जात नाही. सोबतच्या फळातलं सी जीवनसत्त्व पाल्यातलं लोह शोषायला मदत करतं. द्राक्षापेक्षा संत्रं, स्ट्रॉबेरी, पेरू यात ते बरंच जास्त असतं.

पण कच्चं खाताना स्वच्छतेबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं. शहरांभोवती काही ठिकाणी सांडपाण्यावर पालेभाजी पिकते. अशा पाल्यावर पट्टकृमीची अंडी असू शकतात. डुकरांतल्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर त्यांच्या अळ्या मेंदूपर्यंत पोचून गाठी करतात आणि रुग्णाला फिट येऊ लागतात. आपल्या देशात प्रौढ वयात पहिल्यांदा फिट येण्यामागे हे एक नेहमीचं कारण आहे. शाकाहारी माणसालाही हे होतं, कारण अंडी मांसातून नाही तर दूषित पाणी, हात आणि कच्च्या भाज्यांमधून येतात.

मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं की ही अंडी मरतात असं समजू नका. ती घासून आणि वाहून गेली पाहिजेत. जुडी सोडवा, मुळं आणि मातकट देठ कापून टाका. पानं मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात खळबळून वर उचलून घ्या, पाणी त्यांच्यावर ओतून गाळू नका, नाहीतर तळाची माती परत पानांवर येते. पाणी बदलून तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत हेच करा. शेवटी थोडी थोडी पानं नळाखाली धरून चोळा. शेवटचं पाणी पिण्याचं असावं. साबण वापरू नका.

गरोदर बायकांनी, केमोथेरपी चालू असलेल्यांनी आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी बाहेरचा कच्चा पाला टाळावा, त्यांच्यासाठी परतलेली भाजीच बरी. जे वॉरफरीन किंवा ॲसिट्रोम ही रक्त पातळ ठेवणारी औषधं घेतात त्यांनी पाला बंद करायची गरज नाही, पण एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा शून्य असं करू नये. रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा आणि आहारात बदल केला तर डॉक्टरांना सांगून रक्ताची तपासणी करून घ्या.

---

शेपूप्रेमी

डॉक्टर, मग घरच्या कुंडीतला पाला सगळ्यात चांगला म्हणायचा का?

---

डॉ_निंबोणी

कच्चा खायला, हो. मेथी तर कुंडीत पेरल्यापासून तीन आठवड्यांत खुडता येते. मांजरं कुंडीत जात नाहीत ना, आणि ताजं शेणखत वापरत नाही ना, एवढं बघा. खत पूर्ण कुजलेलंच हवं.

---

खाडीकाठ (मुंबई)

मुंबईकरांसाठी समुद्रमेथी सुचवतो. रेतीत वाढवलेली, बोटभर उंचीची, छोट्या छोट्या जुड्यांत मुळांसकट मिळते. मुळं कापून टाकली की बाकी सगळं कच्चं खाता येतं, देठही कोवळा, आणि साध्या मेथीपेक्षा कडूपणा बराच कमी. रेती मात्र फार असते, डॉक्टरांनी सांगितलेली खळबळून वर उचलायची पद्धत इथे अगदी आवश्यक.

हिच्यात मी जाम (वॉटर ॲपल) घालतो, पांढरे. जामाला स्वतःची चव फिकी, पण पाणी आणि करकरीतपणा भरपूर. उभे काप करायचे, आतला कापसासारखा भाग काढायचा. चव आणायला कैरीचे बारीक तुकडे आणि ओलं खोबरं. दाण्याचं कूट इथे जड होतं.

---

बोंडू_आणि_बी (पेडणे, गोवा)

आमच्याकडे आत्ता काजूचा हंगाम. बोंडं झाडाखाली पडलेली, हुर्राकाची, म्हणजे बोंडाच्या दारूची, भट्टी लागलेली, सगळीकडे तोच वास. बोंडू आपण फळ म्हणून फारसा वापरत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. बी काढून घेतली जाते, दारूसाठी काही बोंडं जातात आणि उरलेली तशीच कुजतात. कोकणात तर किती टन जात असतील! संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त सी जीवनसत्त्व असलेलं फळ आहे हे.

अडचण एकच, घशाला खवखवतं. ते त्यातल्या टॅनिनमुळे. उपाय घरोघरी माहीत आहे: पिकलेला, घट्ट, त्याच दिवशी पडलेला बोंडू घ्यायचा. दोन्ही टोकं कापायची, पातळ गोल चकत्या करायच्या, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायच्या आणि सुटलेलं पाणी हलकं दाबून टाकून द्यायचं. मग खवखव पुष्कळ कमी होते. त्यात बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, ओलं खोबरं. पाला म्हणून मी तांबड्या भाजीची (लाल माठाची) अगदी कोवळी पानं, बोटाच्या पेराएवढी, शेवटी घालते. पिवळा बोंडू असेल तर रंगही सुंदर दिसतो. कपड्यांवर रस पडू देऊ नका, डाग जात नाही. आणि बीच्या सालीचं तेल हाताला लागलं तर कातडी भाजते, तेव्हा बी पिरगळून काढायचं काम मुलांना देऊ नका.

---

भाकरी_ठेचा

बोंडू ताई, हे वाचून करावंसं वाटलं. इथे बोंडं मिळणार नाहीत, ती दोन दिवससुद्धा टिकत नाहीत ना?

---

बोंडू_आणि_बी

नाही टिकत, संध्याकाळपर्यंत आंबायला लागतात. म्हणूनच बाजारात दूरवर पोचत नाहीत. मे महिन्यात इकडे कोणाकडे आलात तर खा, तेव्हाही थोडी असतात.

---

रानवाटा (लातूर)

घोळ कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. उन्हाळी पिकाला पाणी दिलेलं रान असेल तिथे घोळ भरपूर येते. जाड, रसाळ, छोटी पानं, लालसर देठ. शेतकरी तण म्हणून उपटून टाकतात. कच्ची खायला ही सगळ्यात सोपी, कडूपणा नाही, आंबूसपणा असतो.

सकाळी खुडलेली घोळ आंबट लागते आणि संध्याकाळची सौम्य. आमच्या आईला हे अनुभवाने ठाऊक होतं, मला कारण कृषी महाविद्यालयात कळलं. पाण्याचा ताण असला की ही वनस्पती दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते, रात्री हवा आत घेते आणि ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. दिवसभरात ते आम्ल वापरलं जातं. म्हणून खरबुजासारख्या गोड फळाबरोबर सकाळची घोळ घ्या आणि कैरीबरोबर संध्याकाळची.

खरबूज आणि घोळ: खरबुजाचे लहान तुकडे गार करून, वर घोळीची पानं आणि कोवळी टोकं, जिऱ्याची भरड, मीठ, थोडं लाल तिखट. तेल नको. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी घोळ आणि कच्चा पालक दोन्ही बेतानेच खावेत, ऑक्झॅलेट भरपूर असतं. पालक कच्चा खाल्ल्यावर दातांवर जी खरखर जाणवते ती त्याचीच.

---

राईनकाठची (कलोन, जर्मनी)

सगळे प्रतिसाद वाचले. इथे वसंत आत्ता कुठे सुरू होतोय, स्ट्रॉबेरी यायला मे उजाडेल. पण मार्चमध्ये जंगलात रानलसूण उगवते, इथे तिला बेअरलाउख म्हणतात. रुंद हिरवी पानं, लसणाचा सुरेख वास. आठवडी बाजारात जुड्या मिळतात. मी तिचा घोळाणा करते, दाण्याचं कूट आणि सफरचंद घालून. इथलं मागच्या हंगामातलं आंबट सफरचंद अजून मिळतं. लसूण आणि गोड फळ नको, हे कोवळी_मेथी ताईंचं म्हणणं बरोबर आहे, पण आंबट सफरचंदाशी रानलसणीचं छान जमतं. पानं थोडीच घ्यायची, बाकी साधा कोवळा पालक.

इकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना कळकळीने सांगते: ही पानं स्वतः खुडायला जाणार असाल तर जाणकाराबरोबरच जा. लिली ऑफ द व्हॅली आणि ऑटम क्रोकस या दोन विषारी झाडांची पानं तिच्यासारखीच दिसतात, त्याच काळात, कधी कधी शेजारीशेजारी उगवतात. चुकीची पानं खाऊन माणसं दगावली आहेत. वास घेऊन ओळखण्यावरही विसंबू नका, एकदा हाताला लसणाचा वास लागला की पुढच्या प्रत्येक पानाला तोच येतो. विकतची घ्या, ते बरं.

---

वाईकर

स्ट्रॉबेरीबद्दल एवढंच: देठाची हिरवी टोपी धुण्याआधी काढू नका, पाणी आत शिरून फळ बेचव होतं. धुऊन, पुसून, मग टोपी काढा. द्राक्षासारखीच हीही तोडल्यावर पिकत नाही, खांद्याकडे पांढरी असेल तर घरी ठेवून गोड होणार नाही. महाबळेश्वर-पाचगणीकडची फळं आता हंगामाच्या शेवटाला लहान येतात, भावही उतरतो. लहान फळं अख्खी घालता येतात, रस सुटत नाही.

पाल्यात कोवळ्या मुळ्याची पानं. त्यांचा तिखटपणा आणि स्ट्रॉबेरीचा आंबट-गोडपणा, सोबत भाजलेले तीळ. मोठ्या मुळ्याचा पाला घेऊ नका, त्यावर लव असते आणि घशात टोचते.

---

डबेवाली_आई (नाशिक)

हे सगळं शाळेच्या किंवा ऑफिसच्या डब्यात कसं न्यायचं? चार तासांनी खायचं असतं.

---

कोवळी_मेथी

डबेवाली_आई, तीन भाग वेगळे ठेवा. पाला पूर्ण कोरडा करून डब्यात, खाली आणि वर कागदी रुमाल. कूट, तेल, मिरची आणि मीठ कालवून लहान डबीत. फळ वेगळं, आणि शक्यतो न कापलेलं: द्राक्षं अख्खी, संत्र्याच्या फोडी सालीसकट, स्ट्रॉबेरी टोपीसकट. खाताना पाल्याच्या डब्यात सगळं टाकून झाकण लावून हलवलं की झालं. कापलेलं खरबूज आणि कलिंगड उन्हाळ्यात डब्यात देऊ नका, बाहेर लवकर खराब होतात. लहान मुलांना द्राक्षं मात्र उभी कापूनच द्यायला हवीत, अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या डब्यात मी ती देणारच नाही, घरी समोर बसवून देईन.

---

खाडीकाठ

एप्रिलमध्ये द्राक्षं संपली आणि मेथी कडू झाली की पुढे काय, हेही लिहून ठेवतो. ताडगोळे. सोलून, आतलं पाणी वाडग्यातच धरून, चार तुकडे करायचे. पुदिना हाताने तोडून, कोथिंबिरीचे कोवळे देठ बारीक चिरून, कैरीचा कीस, मीठ. ताडगोळ्याची पिवळसर साल कोवळी असेल तर राहू द्या, जून असेल तर तुरट लागते, तेव्हा काढा. वसईकडून येणारे ताडगोळे सकाळी लवकर गेलं तरच चांगले मिळतात, दुपारपर्यंत उन्हाने घट्ट होऊन जातात.

---

भाकरी_ठेचा

काल कांद्याची पात, कैरीचा कीस, कूट आणि तेल असं केलं. ज्वारीच्या भाकरीबरोबर सगळ्यांनी मागून घेतलं. कैरी फार आंबट निघाली, म्हणून मुलीने त्यात थोडी सोनाका कापून टाकली. ती ताटं आधी संपली. कोवळी_मेथी, तेल कुटात कालवायचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पात शेवटपर्यंत करकरीत होती. करडईचं मात्र डिसेंबरात माझ्याच पद्धतीने होणार.